निर्वासित कुटुंबाला धान्य आणि प्राथमिक आधार: नवी मुंबईत कायदेशीर मार्गाने नेमके काय मिळू शकते?

प्रश्न: नेरूळची वाचक

आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या पलीकडे एक अफगाण कुटुंब भाड्याने राहते. नवरा-बायको, नऊ आणि सात वर्षांचे दोन मुलगे आणि दोन वर्षांची मुलगी असा त्यांचा संसार असून बाईंना सहावा महिना चालू आहे. उपचारांसाठी नवी मुंबईत येणाऱ्या देशबांधवांना रुग्णालयांत सोबत करणे आणि डॉक्टरांचे बोलणे त्यांना समजावून सांगणे, यावर गृहस्थांचे घर चालत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता बदलली, भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा आपल्या सरकारने रद्द केले आणि तेव्हापासून हे काम पूर्वीसारखे कधी मिळालेच नाही. दिल्लीला जाऊन त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात (म्हणजे यूएनएचसीआरमध्ये) नोंदणी केली आहे आणि अर्ज विचाराधीन असल्याचे पत्र त्यांच्याजवळ आहे. व्हिसाची मुदत संपलेली असून मुदतवाढीचा अर्ज अडकून पडला आहे.

आमच्या महिला मंडळाने त्यांना दोन-तीनदा किराणा भरून दिला. परवा मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तेव्हा आम्ही दिलेल्या तूरडाळीची आणि पोह्यांची पाकिटे फडताळात न फोडलेली दिसली. कणकेचा डबा मात्र महिना अर्धाही झाला नसताना रिकामा होता. चौकशी केल्यावर कळले की त्यांच्याकडे रोटी हेच मुख्य अन्न, त्यामुळे कणीक भराभर संपते, आणि तूरडाळीचे काय करायचे हे बाईंना ठाऊकच नाही. विचारण्याचा संकोच त्यांनाही होता आणि आम्हालाही.

त्यांना रेशनकार्ड मिळू शकते का? आधार कार्ड नसताना अंगणवाडीचा आहार आणि शाळेतील दुपारचे जेवण मिळते का? एका ओळखीच्याने "एजंट काही हजारांत कार्ड काढून देईल" असे त्यांना सुचवले आहे, त्यामुळे मी अधिकच अस्वस्थ आहे. आमच्या मंडळाने कायद्याच्या चौकटीत राहून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: ठाण्याचे निवृत्त शिधावाटप कर्मचारी

ताई, तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासून आरंभ करतो, कारण त्यात धोका सर्वांत मोठा आहे. एजंटाच्या वाटेला त्यांना अजिबात जाऊ देऊ नका. शिधापत्रिकेच्या अर्जात भारतीय नागरिकत्व गृहीत असते आणि अर्जदार तसे लिहून देतो. २०२५ साली राज्यभर अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम झाली आणि परदेशी नागरिकांच्या नावावरील पत्रिका रद्द करणे हा तिचा एक जाहीर हेतू होता. अशा मोहिमेत खोटे कार्ड सापडले, तर पंचवीस किलो धान्याच्या मोबदल्यात त्या कुटुंबाचा आश्रयाचा अर्जच धुळीला मिळेल आणि एजंटाचे नाव कुठल्याही कागदावर येणार नाही. माझ्या नोकरीच्या काळात शिक्षा नेहमी कार्डवाल्याला होताना पाहिली आहे, कार्ड काढून देणाऱ्याला क्वचितच.

आता नियमाचे बोलायचे, तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. उत्पन्न पाहिले तर तुमचे अफगाण कुटुंब सहज बसेल, पण धान्य ज्या यंत्रावर दिले जाते त्या ई-पॉसला बारा अंकी आधार क्रमांक आणि अंगठा लागतो, आणि त्याच्याही आधी नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात काहीच नसते. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे शिधावाटप नियंत्रकांच्या फ परिमंडळात येतात. तिथे अर्ज घेऊन गेलात तरी उत्तर हेच मिळेल आणि हेलपाटे मात्र वाढतील.

निर्वासितांना सरकारी धान्य किंवा निर्वाहभत्ता मिळतच नाही असे मात्र नाही. तमिळनाडूतील छावण्यांत श्रीलंकेहून आलेल्या तमिळ कुटुंबांना राज्य सरकार दरमहा रोख भत्ता देते आणि २०२१ मध्ये त्यात वाढ करून कुटुंबप्रमुखाला १,५०० रुपये, इतर प्रौढांना १,००० आणि मुलांना ५०० रुपये करण्याची घोषणा झाली. तिबेटी पुनर्वसन धोरण २०१४ मध्ये रेशनसारख्या योजना तिबेटींना लागू करण्याविषयी राज्यांना सांगितलेले आहे आणि आपल्याच राज्यात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. म्हणजे ज्या गटाला सरकारने स्वतः आश्रय दिला, त्याची सोय सरकारने स्वतंत्र आदेशाने केली. ज्यांची नोंद केवळ संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाकडे आहे, त्यांच्यासाठी असा आदेश नाही. तुमचे कुटुंब या दुसऱ्या गटात मोडते.

उत्तर: अंगणवाडी मुख्यसेविका, ऐरोली परिसर

रेशनचे दार बंद असले तरी अंगणवाडीचे तसे नाही. त्याच अन्न सुरक्षा कायद्यातील पुढची कलमे वाचावीत. गरोदर आणि स्तनदा मातेला प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत, तसेच सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाला स्थानिक अंगणवाडीतून मोफत पूरक आहार मिळावा, असे त्यात म्हटलेले आहे आणि तिथे उत्पन्नाची अट नाही, शिधापत्रिकेचीही नाही. या कुटुंबात आई आणि दोन वर्षांची मुलगी अशा दोघी थेट त्या व्याख्येत बसतात. आहाराचे प्रमाणही ठरलेले आहे: बालकाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, गरोदर मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. तीन वर्षांखालील मुलांना आणि मातांना तो घरी नेण्याच्या शिध्याच्या रूपात मिळतो. त्यातून पूर्ण पोट भरत नाही, पण ज्या घरात दूध-अंडी बंद झाली आहेत तिथे त्याचे मोल आहे.

अडचण कायद्यापेक्षा मोबाइलमध्ये आहे, हे मी स्पष्टच लिहिते. लाभार्थ्याची नोंद पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये करावी लागते आणि २०२५ च्या मध्यापासून घरी नेण्याच्या शिध्यासाठी चेहरा ओळखण्याची पडताळणी सक्तीची झाली. ही पडताळणी आधारशी जोडलेली असल्यामुळे आधार नसलेली माता आली की सेविका गोंधळते. तिला वाटते, नोंद झाली नाही तर शिधा कमी भरल्याचा ठपका आपल्यावर येईल. अशा वेळी सेविकेशी दारात वाद घालू नये. नागरी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साधा लेखी अर्ज द्यावा, त्यात कायद्याच्या कलम ४ आणि ५ चा उल्लेख करावा, पासपोर्टची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. लेखी आदेश हातात असला की सेविका निर्धास्तपणे शिधा देते. तिलाही मूल उपाशी पाठवायला आवडत नाही.

गरोदर मातांना रोख मदत देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची आशा मात्र धरू नका, कारण ते पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात.

उत्तर: कळव्याचा रहिवासी

मूळ प्रश्न मांडणाऱ्या ताईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरी एक बाजू इथे यायला हवी. आमच्या चाळीत घरकाम करणाऱ्या बायका आहेत, ज्यांचे अंगठे भांडी घासून झिजल्यामुळे यंत्रावर जुळत नाहीत आणि महिनामहिना धान्य मिळत नाही. केशरी कार्ड असूनही प्राधान्य यादीत नाव न आलेली कुटुंबे तर गल्लोगल्ली आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीच्या याचिकेवर, भारत ही जगभरातून येणाऱ्यांसाठी धर्मशाळा नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. आधी घरच्यांचे पाहावे आणि मग बाहेरच्यांचे, असे कोणी म्हटले तर त्याला निर्दय ठरवू नये.

उत्तर: ठाण्याचे निवृत्त शिधावाटप कर्मचारी

तुमच्या तक्रारीशी मी सहमत आहे, तिच्या कारणाशी नाही. महाराष्ट्राला अन्न सुरक्षेच्या लाभार्थ्यांची जी कमाल संख्या ठरवून दिली आहे ती सुमारे सात कोटी असून ती २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे: ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबई किती वाढली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे, पण तो इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली कमाल संख्या, जागचा हललेला नाही. केशरी कार्डवाल्याचे नाव त्या इष्टांकामुळे अडते. त्या रांगेत अफगाण कुटुंब उभेच नाही. त्याला तिथे उभे राहण्याची परवानगीच नाही. अंगठा जुळत नसलेल्या बायकांसाठी डोळ्यांच्या बुबुळाच्या पडताळणीची किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय आहे. दुकानदार ऐकत नसेल तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार करावी. अर्ज लिहायला मी मदत करीन, खासगी निरोप पाठवा.

उत्तर: वकील, ठाणे न्यायालय

धर्मशाळेचा दाखला वर आला आहे, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. ते प्रकरण शिक्षा भोगून झालेल्या एका व्यक्तीच्या भारतात राहू देण्याच्या मागणीचे होते. देशात वास्तव्य करण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये असून तो नागरिकांपुरता आहे. अनुच्छेद १४ आणि २१ मधील समानतेचे आणि जीविताचे संरक्षण मात्र परकीयांनाही आहे, आणि चकमा (आजच्या बांगलादेशातून आलेल्या) निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेश सरकारला त्या लोकांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश याच आधारावर दिला होता. तेव्हा इथे राहू द्यायचे की नाही, हा सरकारच्या अधिकारातील प्रश्न आहे; पण जोवर माणूस इथे आहे तोवर त्याच्या लेकराला लस द्यायची की नाही, हा प्रश्न होऊच शकत नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या जुन्या परकीय नागरिक कायद्याची जागा स्थलांतर आणि परकीय नागरिक कायदा २०२५ ने घेतली. वैध कागदपत्रांशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. घर किंवा खोली देणाऱ्याने, शिक्षणसंस्थेने आणि रुग्णालयाने परकीय व्यक्तीची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. घरमालकाने ही नोंद केली आहे का, ते आधी पाहा. पुष्कळदा तो "कशाला झंझट" म्हणून टाळतो आणि पुढे भाडेकरू व मालक दोघेही अडकतात. यूएनएचसीआरच्या पत्राने व्हिसाची उणीव भरून निघत नाही. चौकशीच्या वेळी ते पत्र उपयोगी पडते, पण ते मुक्कामाचा परवाना नव्हे. म्हणून मुदतवाढीच्या अर्जाची छापील प्रत आणि पोच नेहमी जवळ असावी.

तुम्ही मंडळाने खरा हातभार लावायचा असेल तर तो दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परकीयांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये कार्यपद्धती ठरवली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. छळाची भीती सकृतदर्शनी खरी वाटली तर असा व्हिसा मिळू शकतो, आणि तो मिळाल्यावर खासगी क्षेत्रात नोकरी करता येते व मुलांना शिकता येते. पुढची बँक खात्यासारखी कामेही त्याच्याच बळावर होतात. किराणा तुम्ही किती वर्षे भरून देणार? तो व्हिसा मिळाला, तर गृहस्थ स्वतः किराणा आणतील. तोपर्यंत "घरी डबे करून विका" असा सल्ला त्यांना कृपया कोणी देऊ नये. सध्याच्या स्थितीत तो धंदा व्हिसाच्या शर्तींचा भंग ठरू शकतो, आणि तेच कारण काढून त्यांचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज बाईंच्या नावे ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. शिवाय यूएनएचसीआरच्या सर्व सेवा विनामूल्य असतात, तेव्हा "दिल्लीचे काम लवकर करून देतो" म्हणून पैसे मागणारा भेटला तर तो ठग समजावा.

उत्तर: उल्हासनगर, कॅम्प चार

वकीलसाहेबांचे म्हणणे आमच्या गावाच्या अनुभवाशी जुळते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत ठेवले गेले. एकेका बराकीत गोणपाटाचे आडपडदे लावून कितीतरी कुटुंबे राहत असत आणि सुरुवातीला सरकारी शिधा मोफत मिळत असे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर असे नामकरण झाले, पण आमच्या पत्त्यात आजही कॅम्प नंबरच येतो. घरातील वडीलधारी माणसे सांगत, की शिध्याच्या रांगेत उभे राहण्याची लाज फार वाटे, आणि लोकांनी पापड, मिठाई, कापड, मिळेल तो धंदा सुरू केला तो त्या रांगेतून लवकर सुटण्यासाठीच. तो सुरू करता आला, कारण राज्यघटनेने फाळणीत आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय सुरुवातीलाच करून ठेवली होती आणि दुकान टाकायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

अलीकडे पाकिस्तानातून आलेली आमच्या समाजातील कुटुंबेही इथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. तो व्हिसा हाती आल्यानंतर त्यांची बँक खाती उघडली, पॅन आणि आधारही निघाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी नियम सैल केलेले आहेत, आणि ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना नव्या कायद्यातील शिक्षेतूनही सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने वगळले आहे. अफगाण मुस्लिम कुटुंबाला ही सवलत नाही, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांची वाट लांबची आहे. हे आम्हा लोकांना बोलायला अवघड जाते, पण जे आहे ते आहे.

उत्तर: महापालिका शाळेतील शिक्षक

दोन्ही मुलगे सहा ते चौदा वयोगटात असल्यामुळे शिक्षण हक्क कायदा २००९ त्यांना लागू होतो, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्या कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे. प्रवेश मिळाला की आठवीपर्यंत दुपारचे जेवण आपोआप मिळते: पाचवीपर्यंत ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम. जेवायला बसलेल्या मुलाला आधार क्रमांक कोणी विचारत नाही.

मुख्याध्यापक नाखूश दिसले, तर त्यामागचे कारण बहुधा वेगळे असते. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, आधार वैध असलेले विद्यार्थी मोजले जातात. विनाआधार मूल शिकवायचे खरे, पण हिशेबात धरले जाईलच याची खात्री नाही. ही अडचण शाळेची आहे, मुलाची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. रोहिंग्या, म्हणजे म्यानमारमधून आलेल्या निर्वासित मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा मुलांनी थेट शाळेत अर्ज करावा आणि नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात जावे, असे सांगण्यात आले. अर्जासोबत या दोन्हींचा उल्लेख असलेले अर्ध्या पानाचे पत्र द्या. तोंडी विनंतीपेक्षा त्याचा परिणाम फार वेगळा होतो. भाषेचे म्हणाल, तर दरी (अफगाणिस्तानातील फारसी) भाषा बोलणारी मुले लिपीच्या ओळखीमुळे उर्दू माध्यमात लवकर रुळतात, पण घराजवळ मराठी शाळा असेल तर या वयातील मुले वर्षभरात मराठी बोलू लागतात. रोजचा रिक्षाखर्च परवडणार नसेल तर जवळची शाळा निवडावी.

पुन्हा: नेरूळची वाचक

सर्वांचे आभार. एजंटाचा विषय आज संध्याकाळीच त्यांच्याशी बोलले. गृहस्थांनी पैसे दिलेले नव्हते. बालविकास प्रकल्पाचा आणि शाळेचा अर्ज आमच्या मंडळातील एक निवृत्त शिक्षिका लिहीत आहेत. विधी सेवा प्राधिकरणाकडे पुढील आठवड्यात बाईंना घेऊन जायचे ठरले आहे. दोन शंका उरल्या आहेत. पुढचे काही महिने मंडळाने धान्य द्यावे की रोख रक्कम? आणि मंडळाच्या वार्षिक अहवालात वाटपाचे छायाचित्र छापायचा आग्रह काही सभासद धरत आहेत, त्यांना काय सांगावे?

उत्तर: तुर्भ्यातील धान्यवाटप गटाची कार्यकर्ती

ताई, छायाचित्र नको, हे ठामपणे सांगा. मदत घेणाऱ्याच्या संकोचाचा प्रश्न आहेच, पण आश्रय मागणाऱ्या माणसाचे नातेवाईक बहुधा मायदेशीच असतात आणि चेहरा, गावाचे नाव, मुलांची नावे असे काही छापून आले की त्याची झळ तिकडे बसू शकते. अहवालात "एका गरजू कुटुंबास सहा महिने शिधा" एवढी ओळ पुरते. जाहिरातीच्या पट्टीसमोर पिशवी धरून उभे करण्याची आपल्याकडची रीत मला तशीही असह्य वाटते.

धान्य की रोख, यावर आमच्या गटात पुष्कळ वाद झाले आहेत. माझे मत असे, की मोठा भाग धान्याचा असावा आणि थोडी रोख बाईंच्या हाती द्यावी, कारण औषध, मुलांचे दूध, मोबाइलचे रिचार्ज या गोष्टी पिशवीत भरता येत नाहीत आणि मोबाइल बंद पडला की दिल्लीहून मुलाखतीसाठी आलेला निरोप चुकतो. पिशवी मात्र त्यांना विचारून भरा. पाच जणांच्या रोटी खाणाऱ्या घराला महिन्याला तीस किलोच्या आसपास कणीक लागते. तूरडाळीऐवजी राजमा, काबुली चणे आणि हरभराडाळ द्या. पोह्यांऐवजी लांब दाण्याचा तांदूळ, शिवाय तेल, साखर आणि चहा. अफगाण घरात हिरवा चहा दिवसभर चालतो, ती चैन समजू नका. तुर्भ्याच्या बाजार समितीतील धान्यबाजारात चार-पाच कुटुंबांचे सामान एकदम घेतले तर किरकोळ दुकानापेक्षा स्वस्त पडते. आमच्या खरेदीत तुमची यादी जोडायला आमची हरकत नाही.

सगळे जण धान्याचा विचार करतात आणि इंधन विसरतात. त्यांच्याकडे गॅसजोडणी आहे का, हे पाहा. नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याचा पुरावा न मागता केवळ ओळखपत्रावर मिळतो. वितरकाकडे पासपोर्ट दाखवून विचारा. एका घरी आम्ही दोन महिने पीठ पोहोचवत राहिलो आणि ते शेजारणीच्या शेगडीवर पाळी लावून रोट्या भाजत होते, हे आम्हाला फार उशिरा समजले. अगदी नड पडलीच तर ठाण्यात तीन हात नाक्याजवळच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहे. तिथे कोणी कागद मागत नाही. शिवभोजन केंद्रावर दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळतो, परंतु सगळी केंद्रे नियमित चालू नसतात, म्हणून आधी जाऊन पाहून या.

घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर महापालिकेच्या दवाखान्यात क्षयाची तपासणी करून घ्या. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे दरमहा १,००० रुपये बँक खात्याशिवाय मिळणार नाहीत, पण निक्षय मित्रांकडून, म्हणजे क्षयरुग्णांना स्वेच्छेने मदत करणाऱ्या दात्यांकडून, दिली जाणारी धान्याची टोपली खात्यावर अवलंबून नसते.

आणि बाईंची नागरी आरोग्य केंद्रातील नोंदणी या आठवड्यातच करा. सहावा महिना म्हणजे धनुर्वाताची लस, रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या यांना आधीच उशीर झाला आहे. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल. तेच अंगणवाडीच्या अर्जाला जोडा आणि प्रसूतीच्या वेळी महापालिकेच्या रुग्णालयात दाखवा. बाळ झाल्यावर एकवीस दिवसांच्या आत जन्मनोंदणी करून घ्या. त्या दाखल्याने बाळाला भारतीय नागरिकत्व मिळत नाही, आणि तशी आशा त्यांना कोणी दाखवू नये. पण पुढे शाळेपासून दिल्लीतील अर्जापर्यंत सगळीकडे बाळाचे नाव, तारीख आणि आईवडील दाखवणारा तोच एक कागद लागेल. दाखल्यावरील नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे खिडकीवरून हलण्यापूर्वीच तपासा. मागाहून दुरुस्तीला फार खेटे घालावे लागतात.